साखरपुड्यातली क्रेन

आमच्या चौघांच्या गिटारवादनामुळे आजवर कुणाचंही लग्न मोडलेलं नाही. एक मोडता मोडता राहिलं, एवढंच. ते माझ्या सख्ख्या भावाचं होतं, म्हणून त्याचा जरा जास्त बोभाटा झाला.

आधी आम्ही चौघं कोण ते सांगते. गिटारीवर पोट भरणारं आमच्यात कुणीच नाही. (ज्यांनी आम्हाला ऐकलंय त्यांना याचं कारण विचारावं लागत नाही.) मी शुभांगी, पेणमध्ये एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सकाळी सातपासून 'मूठ आवळा, मूठ सोडा, कापूस दाबून धरा, तिकडे बघा' असं बजावत राहायचं, हेच माझं काम. त्यामुळे माझ्या बोलण्याला हुकुमाचा वास येतो, असं आमच्या यांचं म्हणणं आहे. मला तसं वाटत नाही. हे मी त्यांना दोनतीनदा चांगलं ठणकावून सांगितलेलं आहे.

दुसरा प्रभाकर. पेणच्या एका गणपती कारखान्यात तो डोळ्यांची आखणी करतो. मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढताना हात हलू नये म्हणून श्वास रोखून धरायची त्याला सवय, ती गिटार हातात घेतल्यावरही सुटत नाही. अवघड जागा आली की याचा श्वास बंद! आम्ही दोन मिनिटांपेक्षा मोठं गाणं कधी बसवलं नाही. लोकांना वाटतं आमची काहीतरी वेगळी शैली आहे. शैली कसली, दोन मिनिटांनंतर प्रभाकर जांभळा पडायला लागतो.

तिसरा दत्ताराम. त्याचं कोलाडला हायवेवर हॉटेल आहे. एस.टी. दहा मिनिटं थांबणार, तेवढ्यात चाळीस माणसांना चहा-वडे देऊन मोकळं व्हायचं, यात त्याचं आयुष्य गेलं. गाणं कितीही संथ सुरू करा, अर्ध्यावर आलं की दत्ताराम धावायला लागतो. कितीदा तरी तो गाणं संपवून गिटार पुसत बसलेला असायचा आणि आमचं एक अख्खं कडवं शिल्लक असायचं.

"अरे दत्ताराम, थांब की जरा!"

"ताई, काय करू, हात आयकत नाय. गाडी सुटंल असा वाटतं."

आणि चौथा माझा धाकटा भाऊ नितेश. डोलवीकडे एका कारखान्यात तो क्रेन चालवतो. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी अठरा. बाबा मिठागरावर राबायचे. तेव्हापासून त्याचं दप्तर, त्याचे बूट, त्याच्या डोक्याचा भांग, सगळं मीच ठरवत आले. गिटारही त्याला मीच घेऊन दिली आणि तो एकटा वाजवायला लाजेल म्हणून स्वतःलाही एक घेतली. (पंचेचाळिसाव्या वर्षी गिटार शिकायला घेण्याचं हे अधिकृत कारण आहे.)

दर रविवारी सकाळी प्रभाकरच्या कारखान्याच्या माळ्यावर आमचा सराव चालायचा. समोर रांगेने बसलेले दीडदोनशे गणपती. त्यांचे डोळे आखायचे बाकी असायचे, म्हणून आमचं ध्यान त्यांना दिसत नव्हतं. कान मात्र पूर्ण झालेले असायचे, त्याला आमचा इलाज नव्हता.

अडचण अशी होती की चौघं एकत्र सुरू होऊ शकत नव्हतो आणि एकत्र संपू तर मुळीच शकत नव्हतो. एक श्वास कोंडून बसलेला, दुसरा गाडी पकडायला निघालेला, आणि नितेश? त्याला मी 'एक, दोन, तीन, चार' म्हटलेलं ऐकूच जायचं नाही! कान चांगले आहेत त्याचे, मीच तपासून घेतलेत. पण दहा वर्षं उंचावर केबिनमध्ये बसून काम केलेलं. खाली एवढा आवाज असतो की कुणी ओरडलं तरी उपयोग नाही. खाली उभा असलेला माणूस हाताने इशारे करतो आणि त्या इशाऱ्यांवर क्रेन चालते. त्यामुळे हात कामात गुंतले की नितेशचे कान आपोआप सुट्टीवर जातात.

"ताई, तू बोलू नको," तो शेवटी म्हणाला. "हात दाखव. मला हात दिसला की समजतं."

मग त्याने मला क्रेनचे इशारे शिकवले. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सावकाश उतरव. आणि पंजा पालथा धरून हात आडवा झाडला, की थांब. आम्ही ते गाण्याला लावले: उचल म्हणजे आवाज चढव, उतरव म्हणजे हळू घे, थांब म्हणजे थांब. काय सांगू, जादू झाली! श्वास कोंडलेला प्रभाकर, धावणारा दत्ताराम आणि बहिरा नितेश, तिघांचे डोळे माझ्या उजव्या हातावर खिळले आणि पहिल्यांदाच गाण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. गणपतींपैकी कुणी तक्रार केली नाही.

फक्त क्रेनच्या कामातला एक नियम नितेशने आम्हाला पुन्हा पुन्हा घोटून पाठ करायला लावला. उचल, उतरव हे इशारे ठरलेल्या एकाच माणसाचे मानायचे. पण 'थांब' हा इशारा कुणीही केला तरी पाळायचा. साहेबाने, झाडूवाल्याने, चहावाल्याने, कुणीही! पाळायचा म्हणजे आहे तिथे, आहे तसं थांबायचं. आणि ठरलेला माणूस पुढचा इशारा देईपर्यंत हलायचं नाही.

नियम चांगलाच आहे. पण माळ्यावर डास फार. प्रभाकरने नाकावरचा डास हाकलला की गाणं बंद! दत्तारामने कपाळावरचा घाम झटकला की गाणं बंद! थोडे दिवस हसू आलं, मग आमच्या अंगवळणीच पडलं. आडवा हात दिसला की आम्ही चौघं जागच्या जागी गार. एकदा बाजारात भाजीवालीने माशा वारल्या तर माझी पिशवी हवेतच राहिली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नितेशला चौतीस पूर्ण झाली होती आणि लग्न जमत नव्हतं. कुणाला शिफ्टची नोकरी नको, कुणाला पेण नको, कुणाला थेट मुंबईतलाच मुलगा पाहिजे. सात ठिकाणी नकार आला. मुलगा तोंडाने काही बोलत नसे, पण आठव्या स्थळाच्या वेळी त्याने स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला, तेव्हा मी त्याच्या हातातली इस्त्री घ्यायला गेले आणि तशीच परत फिरले.

आठवं स्थळ रोह्याचं. रेश्मा. तिथल्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर सुपरवायझर, हाताखाली पंधरा बायका. वडील नाहीत, सगळं बघणारे तिचे वसंतकाका. मुलगी दिसायला छान, बोलायला रोखठोक. पोहे झाले, आणि तिने नितेशला विचारलं, "लग्नानंतर माझी नोकरी चालू राहिली तर चालेल ना तुम्हाला?"

"ताईला विचारून सांगतो," नितेश म्हणाला.

"कुठे राहायचं? पेणला की मध्ये कासूला खोली घ्यायची? मलाही रेल्वेने सोपं पडेल."

"ताईला विचारतो."

"तुम्हाला पोहे आवडले?"

नितेशने माझ्याकडे पाहिलं! आणि मी (देवाशप्पथ, नकळत!) मान हलवली. मग तो म्हणाला, "व्हय, आवडले."

निघताना रेश्मा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, राग मानू नका. माणूस मला पसंत हाय. गिटार वाजवतो ते तर फारच आवडलं. पण मला नवरा पाहिजे, ताईंचा भाऊ नको. काकांनापण हीच शंका हाय. साखरपुडा करू या. पण त्या दिवशीसुद्धा हा तुमच्याकडेच बघत राहिला, तर मी तिथंच नाय म्हणेन. लोक जमले असतील तरी."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिचं खरं होतं. मी म्हटलं, "बाय, त्या दिवशी मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. वचन!"

हातांबद्दल आमचं काही बोलणं झालं नाही.

साखरपुड्यात आमच्या चौकडीने वाजवावं, ही रेश्माचीच इच्छा. नितेश आधी दोन गाणी आमच्याबरोबर वाजवणार, मग उठून पाटावर बसणार, आणि अंगठ्या घालताना आम्ही उरलेले तिघं मागे हळूच काहीतरी छेडणार, असं ठरलं. रोह्यातला छोटासा हॉल, दुपारची वेळ. पेणहून आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली आणि वाटेत कोलाडला दत्ताराम चढला. अंगावर सिल्कचा कुर्ता, आणि बोटांना कांद्याचा वास.

"गाणी संथ हायत ना?" मी विचारलं.

"संथच. पन ताई, जेवान किती वाजता हाय?"

आमच्याकडून पेढे न्यायचे होते ते मी पाच किलो नेले. पेढे वाटायचं काम आमच्या यांच्याकडे. माझा नवरा अतिशय शांत माणूस. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी सांगितलेलं एक काम त्याने पूर्ण केल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी जरा जोर देऊन सांगितलं, "मुलीकडची माणसं आहेत. नाय म्हणाले तरी सोडायचं नाही. आग्रह करायचा. कळलं?"

"कळलं," हे म्हणाले. आणि दुर्दैवाने खरंच कळलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं. दहावं सेकंद असेल, दारातल्या एका आजींनी दुसऱ्या आजींना 'तिथं नको, इथं बस' म्हणून हात झाडला. आम्ही चौघं गप्प! लोकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बोट फिरवलं, पुन्हा सुरू. पाच सेकंदांत हॉलवाल्याने 'पंखा नको, पंखा नको' म्हणून लांबून हात केला. पुन्हा गप्प, पुन्हा टाळ्या. दुसऱ्या गाण्यात तर एक मावशी पदराने वारा घेत होत्या, त्यांच्या प्रत्येक झटक्याला आमचं गाणं थांबत होतं.

"लहान लहान गाणी हायत यांची," मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं. "पण भरपूर हायत."

मला घाम फुटला. पण वचन दिलेलं, तोंड उघडायचं नव्हतं. नितेश उठून पाटावर बसला तेव्हा मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. (तो कुठला ऐकतोय! वर्षभर त्याने माळ्यावर काय सोसलं होतं ते मला ठाऊक होतं.)

ओटी भरली, साखरेचा पुडा दिला, अंगठ्यांची डबी उघडली. मी बोट खाली करून फिरवलं, प्रभाकर आणि दत्ताराम हळू हळू वाजवू लागले. खरंच गोड वाटत होतं. नितेशने रेश्माचा हात हातात घेतला. अंगठी तिच्या बोटात सरकवायला सुरुवात केली.

आणि नेमके तेव्हाच आमचे हे पहिल्या रांगेत वसंतकाकांपाशी पोचले.

"घ्या, पेढा."

"नको हो, मला शुगर हाय."

"एक घ्या."

"नको म्हटलं ना."

"अर्धा तरी!"

"अवो, नको, नको, नको!" म्हणत काकांनी पंजा पालथा केला आणि हात असा आडवा झाडला, असा झाडला, की कारखान्यातल्या सिग्नलमनने येऊन शिकून जावं.

नितेश थांबला.

अंगठी बोटाच्या मधल्या पेरावर. प्रभाकर थांबला, दत्ताराम थांबला. (दत्ताराम पहिल्यांदाच एक सूरही पुढे न पळता थांबला, आणि तोही आजच!) आता टाळ्या वाजवायच्या की नाही, ते लोकांना कळेना.

"काय झालं?" रेश्माने हळूच विचारलं.

नितेशची नजर काकांवर खिळलेली. "थांब म्हणालेत," तो पुटपुटला.

"कोण?"

"काका."

सगळे मान वळवून काकांकडे बघायला लागले. काका गडबडले. "मी? मी कशाला थांब म्हणू? मी पेढ्याला नाय म्हटला! घाल, घाल अंगठी!" आणि त्यांनी 'पुढे चल' म्हणून दोन्ही हात हलवले.

पण नितेश हलेना! पुढचा इशारा ठरलेल्या माणसाचाच. मी त्याला ओळखते. एवढी माणसं, हातात त्या मुलीचा हात, आणि भीतीने डोकं पार रिकामं झालेलं. अशा वेळी माणूस रोजचं काम तेवढं करतो. त्याच्या रोजच्या कामात लोंबकळणारा माल आणि खाली माणसं असतात.

"मुलगा मागं सरला काय?" कुणीतरी कुजबुजलं.

"अंगठी लहान झाली वाटतं."

"अरे बाळा, घाल ना!" काका आता उभे राहिले. त्यांनी हात पुढे केले, वर केले, खाली केले. नितेशने प्रत्येक इशारा नीट पाहिला आणि एकही मानला नाही. मग त्याने सावकाश मान वळवली. आणि माझ्याकडे बघितलं.

त्याच्यामागोमाग रेश्माने माझ्याकडे बघितलं. मग काकांनी. मग हॉलमधल्या दीडशे माणसांनी.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. खरंच बसले! छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मनात म्हटलं, नितेश, बाळा, आज तरी तुझं तू कर रे. एक मिनिट गेलं. मला तर वर्ष गेल्यासारखं वाटलं. अंगठी आता त्याच्या चिमटीतून निसटून खाली पडेल असं वाटायला लागलं. आठ वर्षांचा असताना शाळेच्या दारात उभा राहून तो माझ्याकडे असाच बघायचा. माझा उजवा हात मांडीखालून कसा सुटला, मला माहीत नाही. बोट खाली झालं आणि गोल फिरलं.

अंगठी सरकन बोटात बसली. प्रभाकर आणि दत्ताराम वाजवायला लागले!

"बघितलास गो!" काका कडाडले. "मी काय बोलत होतो? बहिणीनं बोट फिरवल्याशिवाय हा अंगठीपन घालीत नाय! उद्या संसार कसा करनार?"

रेश्माचा चेहरा उतरला. तिने आपला हात नितेशच्या हातातून काढून घेतला. त्या क्षणी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सात नकार परवडले, पण हा आठवा माझ्या बोटाने आला असता.

"काका, थांबा तुम्ही," रेश्मा म्हणाली, आणि तिने काकांकडे हात आडवा केला.

प्रभाकर थांबला, दत्ताराम थांबला, आणि उठायला निघालेला नितेश अर्धवट वाकलेला तसाच राहिला.

रेश्माने तिघांकडे बघितलं. पंधरा बायकांची लाइन चालवणारी मुलगी ती, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने पुन्हा एकदा हात आडवा झाडून पाहिला. कुणी पापणीसुद्धा हलवली नाही.

"हे काय हाय?" तिने नितेशला विचारलं. "आणि आता ताईंकडे बघायचं नाय. मला सांगा."

मग तो माझ्याकडे न बघता बोलला. एवढी मोठी वाक्यं मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"मी वर असतो. खालचा ऐकू येत नाय. मालाखाली कधी कोन येईल सांगता येत नाय. म्हनून थांबायचा इशारा कोनीपन केला तरी थांबायचा. का, कशाला, ते इचारायचा नाय. एकदा एका हेल्परने हात केला, मी थांबलो. साहेब ओरडला, काय झाला म्हनून. खाली वाकून एक जन आपली पडलेली चप्पल शोधत होता. मला वरून दिसला नव्हता तो. तेव्हापासून…" त्याने हात पुसले. "काकांचा हात दिसला. मी थांबलो. मला तुमचा हात सोडायचा नव्हता."

मला तर ही चपलेची गोष्टसुद्धा माहीत नव्हती. इतकी वर्षं त्याच्या डोक्याचा भांग मी पाडत होते, आणि डोक्यात काय आहे ते कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली, आणि त्याचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदम.

तेवढ्यात वारा घेणाऱ्या मावशी मागून म्हणाल्या, "गो रेश्मा, थांब म्हटल्यावर थांबनारा पुरुष मी जन्मात नाय बघितला! सोडू नको गो याला!"

हॉल जो हसत सुटला! बायका तर पदरात तोंड घालून हसत होत्या. काकासुद्धा मिशीतल्या मिशीत हसले, आणि त्या नादात आमच्या यांनी पुढे केलेला पेढा त्यांनी तोंडात टाकला. (हे अजून तिथेच उभे होते! आग्रह चालू होता!)

रेश्मा मात्र हसली नाही. तिने अंगठी बोटातून काढली. माझा श्वास प्रभाकरसारखा कोंडला. तिने ती नितेशच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "थांब कोणीपण म्हणू शकतं, ते कळलं. ते चांगलंच हाय. पण चालू करायचा इशारा कोणाचा?"

"ठरलेल्या मानसाचा."

"तो कोण ठरवतो?"

नितेशची मान सवयीने माझ्याकडे वळायला लागली. अर्ध्यात थांबली. परत फिरली.

"मी ठरवतो," तो म्हणाला. "तुम्ही."

मला ते लागलं. खोटं कशाला सांगू? सव्वीस वर्षांचं काम एका शब्दात हातातून गेलं. पण ते त्याने मला न विचारता ठरवलं होतं, म्हणून डोळे पुसत पुसत मी रेश्माला इशारा शिकवायला उठले. ती म्हणाली, "बसा ताई, मघाशी तुमचा बघितला मी." तिने बोट खाली करून फिरवलं आणि नितेशने अंगठी एका झटक्यात पार शेवटपर्यंत घातली. मग तिने बोट वर करून फिरवलं, आणि प्रभाकर-दत्तारामने असं काही जोरात वाजवलं की जेवणाची पंगत पहिल्यांदाच न बोलावता बसली.

लग्न झालं. दोघं कासूला राहतात. काय खावं, कुठे जावं, कुठला शर्ट घालावा, सगळं त्यांचं ते ठरवतात, आणि मला फोनवर कळवतात. मी 'बरं' म्हणते. तेवढं म्हणायला मला साधारण अर्धं मिनिट लागतं, पण म्हणते.

चौकडीचा ताबाही आता रेश्माकडे आहे. पहिल्याच रविवारी ती माळ्यावर आली, गणपतींना नमस्कार केला, समोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, तुम्ही आता आरामात या तिघांसारखं नुसतं वाजवा. हाताचं टेन्शन माझं." तिने बोट फिरवलं, आम्ही सुरू झालो. थोड्या वेळाने तिने थांबवलं. एकेकाला वाजवायला लावलं. प्रभाकर वाजला, दत्ताराम वाजला, नितेश वाजला. मग ती माझ्यापाशी येऊन बराच वेळ खाली वाकून ऐकत राहिली.

"ताई, खरं सांगा, तुम्ही कधी वाजवलंय?"

काय सांगणार! वर्षभर माझा उजवा हात हवेत होता, त्यामुळे मला गिटार अजिबात येत नाही हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही! आणि त्या दिवशी रेश्माने दाखवलं तेव्हा कळलं, माझ्या गिटारीला ताराही सहाऐवजी पाचच आहेत.